हिंमतभाऊंचा स्टोव्ह

विझलेल्या चुलीवरसुद्धा हिंमतभाऊ आधी तळहात धरायचे आणि मगच तिच्यातली राख हलवायचे. पथकात नवीन आलेले लोक हसत. मी हसत नसे, कारण त्या सवयीचं मूळ माझ्या उजव्या हातावर होतं.

देवी टोचणारं आमचं पथक सातपुड्यात हिंडायचं. मी नर्स, ते कंपाउंडर. पावसाळ्यात सुया उकळायला कोरडं सरपण मिळेना, तेव्हा त्यांनी डब्यातल्या दुधाच्या दोन रिकाम्या डब्यांचा स्टोव्ह केला. डबे कापायचे, एकात एक दाबून बसवायचे, कडेला चांभाराच्या आरीने भोकं पाडायची आणि आत स्पिरिट ओतायचं. भोकाभोकातून निळा जाळ फुलला की स्वारी खूश! "दख ताई, फूल उमलनं!"

काठी गावाच्या वाटेवरच्या एका पाड्यावर बाटलीतलं स्पिरिट संपलं, पेटत्या स्टोव्हमधलंही संपत आलं. घरधन्याने मोहाची पहिल्या धारेची काढली. दारूबंदीचे दिवस आणि आम्ही सरकारी माणसं! त्याने आधी पूर्वजांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडले, मग बाटली माझ्या हाती दिली. ऊन टळटळीत होतं. स्पिरिटचा काय, दारूचा काय, जाळ उन्हात दिसत नाही, हे हिंमतभाऊंना पक्कं ठाऊक होतं. पण रांगेतली पोरं रडत होती, घाई होती. त्यांनी स्टोव्हकडे नुसतं वाकून पाहिलं. "विझी गया. वत, ताई."

मी ओतली. जाळ थेट बाटलीपर्यंत चढला.

हात बरा झाला, कातडी तेवढी आवळली. हिंमतभाऊ मात्र बरे झाले नाहीत. स्टोव्ह करणं त्यांनी सोडलंच. माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघत. एकदा मी चिडून म्हटलं, "पुरे झालं भाऊ. घाई मलाही होतीच की."

"तू मन्हा शब्दवर वतं," ते म्हणाले. "आनि मी हात धऱ्याबिगर सांगं."



माझी बदली झाली, तेव्हा निघायच्या दुपारी ते घरी आले. पिशवीत नवा स्टोव्ह होता. अंगणात, भर उन्हात त्यांनी तो पेटवला. आत स्पिरिट थोडंच होतं. ते संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी बाटली माझ्यापुढे सरकवली.

माझा हात पुढे होईना. तोंडाने मी त्यांना कधीच माफ केलं होतं, पण त्यांच्या शब्दावर बाटली उचलायची माझी तयारी नव्हती. ते त्यांनाही दिसलं.

त्यांनी तळहात स्टोव्हच्या तोंडावर धरला. "आते वत."

"हात काढा ना, भाऊ."

"नही. तू वत, मंग काढसू."

मी ओतलं. स्पिरिट त्यांच्या बोटांवरून ओघळत डब्यात उतरलं, गार. हिंमतभाऊंनी हात काढला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्या हाताकडे नीट पाहिलं.