दुसरी मॅच बघणारा

मंडळी, आज जर्मन फुटबॉल लीगचा सीझन संपला. कारेगावात हे सांगायला माझ्याकडं आता कुणी न्हाई, म्हणून इथं लिहितोय.

शेवटच्या दिवशी सगळ्या मॅच एकाच वेळी असतात. गेल्या वर्षी मी आन् माझा केरळचा रूममेट बिजू, दोघं दोन मोबाईलवर दोन मॅच बघत बसलो होतो, आन् शेवटी खोलीतच नाचलो होतो. मग त्याचं कंपनीतलं काँट्रॅक्ट संपलं, तो गावी गेला.

आज आमची टीम हरली. तळाच्या टीम खालच्या लीगमधी जातात; आता आमची वर राहणार का, हे दुसऱ्या मॅचवर होतं. मी सवयीनं ओरडलो, "बिजू, उधर कितना हुआ?"

त्याच्या खाटेवर माझे वाळलेले कपडे होते.

टीम वाचली. बिजूला फोन लावला. म्हणाला, "अब नहीं देखता, भाई."

एकट्यानं नाचायचं कसं, कुणाला जमतं का?