बँकॉकातली चांगली वस्ती

बँकॉकला जाऊन आलेला माणूस आमच्या लातुरात लगेच ओळखू येतो. तो आधी गालात हसतो, मग आजूबाजूला बघतो आणि मग तिथं कुठं राहावं ते न विचारता सांगायला लागतो. आमच्या ऑफिसातले साहेब त्यातलेच. घरी ट्रेनिंग आहे म्हणून सांगून गेले होते म्हणे. कसलं ट्रेनिंग, ते बायकोनं विचारलं नाही. आम्ही विचारलं नाही तरी ते सांगत राहिले आणि ऐकून ऐकून आमचे कान किटले.

मला जायचं होतं ते आईसाठी. आम्ही बौद्ध. नांदेडला आमच्या वस्तीतल्या विहारात बुद्धाची जी मूर्ती आहे, ती थायलंडहून आलेली. ती बसवायला तिकडचे भंते आले होते, तेव्हा त्यांच्या जेवणाचं आईकडं होतं. आईची सगळी नोकरी किनवटच्या आश्रमशाळेत स्वयंपाकीण म्हणून झालेली, त्यामुळं दहापाच भंते म्हणजे तिला काहीच नव्हतं. त्यातल्या एका म्हाताऱ्या भंतेंनी ज्वारीची भाकरी उलटसुलट करून बघितली, खाल्ली आणि दुसरी वाढू दिली. तेव्हापासून आईच्या मनानं घेतलं होतं की ह्यांचं गाव बघायचं. तिकडं सकाळी भंते अनवाणी दारावरून जातात आणि बाया पात्रात भात वाढतात, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलेलं. तिला तसं वाढायचं होतं, आणि तेही राहत्या दारात उभं राहून. "पाव्हण्यासारखं रस्त्यात जाऊन न्हाई वाढायचं मला," म्हणायची. शिवाय गुडघे गेलेले, लांब चालणं होत नाही. म्हणजे खोली विहाराच्या गल्लीतच पाहिजे होती. बाकी बँकॉक नसतं दिसलं तरी तिचं काही अडत नव्हतं.

मी रजेचा अर्ज दिला तसे साहेब टेबलाशी आले.

"आईंना घेऊन बँकॉक?" आधी ते हसणं झालं. मग मोबाईलवर नकाशा उघडला. "मॅडम, प्रतुनामलाच राहा. खाली उतरलं की वरणभात. सगळे आपलेच लोक. त्या नदीकडच्या जुन्या भागात अजिबात राहू नका. बारीक गल्ल्या, शेजारी कोण राहतं, काय खातं, पत्ता नसतो. बाईमाणसानं वस्ती बघून राहावं."

मी मान हलवली. वरणभात खायला समुद्र ओलांडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? बॅगेत फरसाण, बॅगेत ठेचा, हॉटेल असं की खाली गुजराती थाळी आणि लिफ्टमध्ये सोलापूरचा माणूस. एवढं करून परत यायचं आणि देश बघितला म्हणून ऑफिसात छाती काढून फिरायचं. थायलंडनं ह्यांचं काय वाईट केलं होतं कोण जाणे.

पण माझा राग वरणभातावरचा नव्हता. हे साहेब आमच्या ऑफिसात बदलून आले त्याच्या कितीतरी आधी मी त्यांना भेटलेले होते. माझी नांदेडहून लातूरला बदली झाली तेव्हा मी घर शोधत होते आणि आई सोबत होती, तीही माझ्याकडंच राहणार होती. एका चांगल्या कॉलनीत पाटी दिसली, वरचा मजला भाड्यानं देणे आहे. बनियनवर एक गृहस्थ बाहेर आले, खोल्या दाखवल्या, बोअरला बारा महिने पाणी असतं म्हणाले. लातुरात एवढं ऐकलं की माणूस अर्धा राजी होतो. आईनं तर जिन्याखालची जागा वितीनं मोजली. "ड्रम बसतोय बघ हितं," मला म्हणाली. खाली आलो आणि गृहस्थांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितलं.

"अरे हो, आमच्या मेव्हण्यानं कालच एकासाठी शब्द टाकलाय. डोक्यातूनच गेलं बघा."

ती पाटी पुढं उन्हाळाभर तिथंच होती. मी त्याच रस्त्यानं ऑफिसला जात होते, त्यामुळं रोज बघत होते. साहेब ऑफिसात आले तेव्हा मी त्यांना बघताक्षणी ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. ज्यांना दारातून परत लावलं त्यांचे चेहरे कोण ध्यानात ठेवतो? त्यांच्या लेखी ती कुठली तरी एक संध्याकाळ होती. आणि आता हा माणूस मला वस्ती बघून राहायला शिकवत होता.

मी जुन्या भागातच खोली घेतली. त्यांनी नको म्हटलं, एवढं कारण मला पुरेसं होतं.

गल्ली खरंच बारीक होती. एका टोकाला विहार, दुसरीकडं मासे तळणारी गाडी, मधे दोन मजली लाकडी घर. मालकीण आईच्याच वयाची, ढगळ फुलाफुलांचा झगा घातलेली. किल्ली दिली, पंखा दाखवला आणि गेली. मी हातपाय धुऊन आले तर आई पलंगाच्या कडेवर पिशवी मांडीत घेऊन बसलेली. खोचलेला पदरसुद्धा सोडला नव्हता.

"काढ की सामान."

"तिला सांगितलंस का, आपण कोण हाव ते?"

"कशाला?"

"आदी सांगून टाक बाई. सामान काढल्यावर पुन्ना भरायला लावलं तर लई वंगाळ वाटतं."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त चीड आली. विमानात बसून इतक्या लांब आलो, तरी तो बनियनवाला आमच्या आधी येऊन ह्या खोलीत बसलेला होता. मी आईला पिशवीसकट खाली नेलं. मोबाईलमध्ये बोलले, मोबाईलनं थाई भाषेत सांगितलं की आम्ही भारतातले बौद्ध आहोत. मालकिणीनं ऐकलं, मान डोलावली आणि तिनं स्वतः काहीतरी विचारलं. मोबाईल म्हणाला, "तुमच्या आईचे गुडघे दुखतात का? खालची खोली देऊ का?"

आईनं खालच्या खोलीत जाऊन पिशवी उघडली. साड्या खुंटीला लावल्या, तांब्या खिडकीत ठेवला. सकाळी मालकिणीनं भाताचं भांडं तिच्या हातात दिलं आणि दोघी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. भंते आले, रांगेनं गेले. आईनं एक शीत खाली पडू दिलं नाही. निघेपर्यंत रोज वाढलं.

परत आल्यावर तिकडच्या साखर लावलेल्या चिंचेच्या गोळ्या वाटायला आई स्वतः माझ्या ऑफिसात आली. साहेबांनी गोळी नाकाशी नेली.

"ह्यात नॉनव्हेज काही नाही ना?"

"चिंच हाय," आई म्हणाली.

त्यांनी ती तोंडात टाकली. "मग मावशी, शेवटी कुठं राहिलात? प्रतुनामलाच ना?"

आमच्या आईला नांदेडात असताना कुणी घर कुठं म्हणून विचारलं, की ती वस्तीचं नाव कधी घ्यायची नाही. स्टेशनच्या मागं, एवढंच सांगायची. साहेबांना मात्र तिनं सगळं सांगितलं. नदी कुठल्या अंगाला, विहाराचं दार कुठं, मासेवाली कुठं बसते, घराचा रंग कोणता. सांगताना ती त्यांच्याकडं नीट बघत होती. तिनं त्यांना ओळखलंय, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"पुन्ना गेलात तर तिथंच ऱ्हावा साहेब," ती म्हणाली. "ती बाई कुनाला आडनाव इचारत न्हाई. तुमालाबी खोली देईल."

साहेबांचं चघळणं थांबलं. आईनं उरलेल्या गोळ्यांच्या पिशवीला गाठ मारली आणि मला म्हणाली, "मी जाते घरी. आज नळ येनार हाय, ड्रम भरून ठेवते."