मायबोलीची पहिली पायरी

प्रोफेसर हे त्याचं घरातलं नाव. चौथीत चष्मा लागला तेव्हा काकाने ठेवलेलं, आणि परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर आईने गल्लीभर केलेलं. तिकडे मात्र पहिल्याच सत्रात संख्याशास्त्राने प्रोफेसरांना पाणी पाजलं. दुसऱ्या सत्रात सरासरी वर आली नाही, तर नाव कमी होणार होतं.

"एखादा हलका विषय घे," सल्लागार म्हणाले.

कुंभारकामाचा वर्ग भरला होता, पोहण्याचाही. यादीत त्यांच्याखाली चक्क त्याची मायबोली होती: पायरी पहिली, भाषा अजिबात न येणाऱ्यांसाठी. त्याला हसूच फुटलं. आयतं वाढलेलं ताट.

"घरी कोणी बोलतं का ही भाषा?" नोंदणीच्या खिडकीतून प्रश्न आला.

"आजी बोलायची. मला नाही येत."

न येण्याचं सोंग येण्यापेक्षा अवघड निघालं. वर्गात 'ळ' अडखळत म्हणायचा, लेखी परीक्षेत मात्र एकही चूक करायची नाही, असा त्याचा दुहेरी संसार सुरू झाला. शेजारच्या बाकावर एक नर्स बसायची. ड्युटी संपवून थेट वर्गात, पायांत रुग्णालयातलेच बूट. तिच्या मुलीने आपल्याकडच्या मुलाशी लग्न केलं होतं आणि आता विहीणबाई राहायला येणार होत्या.

"लग्नात आम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होतो," ती इंग्रजीत म्हणाली. "गाल दुखले माझे."

एकदा मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. नर्स जवळच उभी होती. तो इंग्रजीत बोलू लागला.

"अरे, मला काय कळतंय त्यातलं? जेवलास का, ते सांग की."

त्याने इंग्रजीतच काहीतरी सांगितलं.

"शेजारी कोणी साहेब उभा आहे का? बरं, बरं. ठेवते मी."

आईच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होतं. पोरगं साहेबापुढे कसं फाडफाड बोलतं, हे तिने त्याच संध्याकाळी चार घरी सांगितलं असणार.

"आई का?" नर्सने विचारलं. "त्यांनाही येत नाही ही भाषा?"

त्याने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

चाचणीचे पेपर परत मिळाले तेव्हा नर्सने आपला घडी घालून पर्समध्ये टाकला आणि ती शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलाशी गेली.

"मी वर्ग सोडते. या मुलानेही माझ्याबरोबरच सुरुवात केली ना? त्याला सगळं येतं. माझ्याच डोक्यात दगड भरलेत. मुलीला सांगेन, आईला नाही जमलं."

"अहो, तो तरुण आहे," बाई म्हणाल्या.

प्रोफेसर उठला. जे तोंडातून निघालं ते अस्सल मायबोलीत, एका दमात. "बाई, त्यांना सोडू देऊ नका. मी लहानपणापासून हीच भाषा बोलतोय. आईशी, काकाशी, भांडताना, सगळीकडे. गुणांसाठी बसलो होतो इथे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आता कान कोणाचा उपटू, तुझा की माझा? तुझा 'ळ' सुधारला म्हणून घरी नवऱ्याला सांगत होते मी!"

नर्स दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "काय म्हणाला तो? फार भरभर बोलला."

"तूच सांग त्यांना," बाई म्हणाल्या. "पहिल्या पायरीच्या शब्दांत."

तो नर्सकडे वळला. "मला ही भाषा येते," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "मी खोटं बोललो."

हे शब्द त्याच आठवड्यात फळ्यावर येऊन गेले होते. तिने ते ओठांतल्या ओठांत जुळवले. अर्थ लागला, तसा तिचा चेहरा उतरला.

"का?" तिने त्याच्याच भाषेत विचारलं.

"छान!" बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

नर्सने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती उत्तरासाठी थांबली होती.