ट्रकसाठी शिवलेली वाकळ

ट्रक थंड व्हावा म्हणून मी वाकळ शिवली, हे गावाकडे सांगितलं तर बायका पदर तोंडाला लावून हसतील. गोधडीला आमच्या साताऱ्याकडच्या खेड्यात वाकळ म्हणतात, आणि ती शिवतात थंडी वाजू नये म्हणून. मी शिवली ती उलट कामाला. त्या आठ दिवसांत माझे हात कसे चालले आणि डोकं कसं चाललं, ते आठवलं की अजून अंगात तरतरी येते. म्हणून लिहून ठेवते.

ट्रक आमचा नव्हता, अरबाबचा होता. मालकाला इथे बहारीनमध्ये सगळे अरबाब म्हणतात. आमचे हे त्यांच्याकडे ड्रायव्हर. बाजारातून भाजीचे खोके उचलायचे आणि अराद, मुहर्रक, बुसैतीनच्या दुकानांत उतरवायचे. अरादला अरबाबच्या घरामागे एक खोली आहे, ती आम्हाला दिलेली. ट्रक छोटा, पण फार जुना. इंजिन सीटच्या खाली. एसी होता, पण त्यातून गरम हवा यायची, म्हणून हे काचा खाली करून, डोक्यावर ओला टॉवेल टाकून चालवायचे. जूनमध्ये ओला टॉवेल बाजारापासून पहिल्या दुकानापर्यंतसुद्धा ओला राहत नाही.

मग एके दिवशी बुसैतीनच्या दुकानासमोर हे उतरले आणि तिथेच बसले. उठताच येईना. दुकानदाराने सलमानियाच्या दवाखान्यात पोचवलं. मी गेले तेव्हा हाताला सलाईन होतं आणि ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी सांगितलं, आता अशा तापलेल्या गाडीत बसायचं नाही, पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. अरबाब पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "खलास."

इथे खलास म्हणजे झालं, ठरलं, पुरे. हे मला माहीत आहे. पण आमच्या गावात माणूस खलास झाला म्हणजे गेला. सलाईन लावलेल्या नवऱ्याजवळ बसून तो शब्द ऐकला आणि मी आधी ह्यांची छाती वरखाली होतेय ना ते बघितलं.

घरी आल्यावर ह्यांनी अरबाबचं बोलणं नीट सांगितलं. एसीत दोनदा गॅस भरून झाला, उपयोग नाही. आठ दिवसांनी ट्रक भंगारात. दुसरा ड्रायव्हर येईल, त्याची स्वतःची गाडी आहे, खोली त्याला लागेल. ह्यांना दूरच्या गोदामावर वॉचमन म्हणून घेतील, राहायला कॅम्प. कॅम्पात नुसते पुरुष.

"मग मी?" मी विचारलं.

"तू जा गावाकडं. पोरीजवळ ऱ्हा. मी येतो की दोन वर्सांनी सुट्टीवर."

लग्नानंतर एकोणीस वर्षं ह्यांचं सुट्टीवर येणंच मी पाहिलं होतं. एका ताटातला घास ह्यांनी मला दिला तो इथे, ह्या खोलीत आल्यावर, चार वर्षांपूर्वी. मला बोलता येत नाही तेव्हा मी काहीतरी पुसायला घेते. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेतली आणि अंगणात उभा असलेला ट्रक आतून पुसायला गेले.

पुसता पुसता एसीचा दांडा फडक्याखाली आला. दांड्याच्या दोन बाजूंना दोन चित्रं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, इंग्रजी मला वाचता येत नाही. इथे आल्यापासून वॉशिंग मशीन, इस्त्री, औषधाचं खोकं, सगळं मी चित्रं बघूनच चालवते. एका चित्रात गाडी होती आणि बाण बाहेरून आत येत होता. दुसऱ्यात बाण गाडीच्या आतच गोल फिरत होता. दांडा पहिल्या चित्रावर होता.

मी फडकं तसंच हातात घेऊन खोलीकडे पळाले.

"आवं, तुमची गाडी भायेरची गरम हवा आत वढती. दांडा पलीकडं का करत न्हाई?"

"बंद हवेत जीव गुदमरतो," हे म्हणाले. "ह्या ट्रकावर नवीन आलो तवाच एकानं सांगितलं हुतं. गाडी सगळीकडनं बंद करून एसी लावायचा न्हाई."

"उभ्या गाडीत एसी लावून झोपू नका म्हणाला आसंल त्यो."

ह्यांनी डोकं खाजवलं. "आसंल," म्हणाले. "बारा वर्सं झाली त्याला."

आम्ही दोघं जाऊन दांडा सरकवला. तो सरकला, पण हवेत काही फरक नाही. तरी मला आत कुठेतरी खात्री वाटायला लागली होती. दांडा फिरतो आणि काही होत नाही, म्हणजे दांड्यामागे काहीतरी सुटलंय. आमच्या शिलाई मशीनचंही असंच व्हायचं.

ह्यांच्या ओळखीचा एक केरळचा मेकॅनिक होता, तो संध्याकाळी आला. परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. मी ह्यांच्या कानाशी बोलायची आणि हे त्याला हिंदीत सांगायचे. तो दोन हात अंतरावर उभा होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं. थोड्या वेळाने तोही ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "भाभी को बोलो, तार निकल गया था. भाभी सही बोली."

"तुझं बरोबर हाय म्हणतोय," हे म्हणाले.

"ऐकलं मी."

"मग मला कशाला मधी घेता दोघं?"

मेकॅनिक तोवर तार अडकवायला डॅशबोर्डखाली शिरला होता, तिथून हसला. तार अडकवून झाल्यावर त्याने पुढची जाळी दाखवली. एसीची सगळी उष्णता तिथून बाहेर पडायला हवी. पण ती जाळी वाळूने आणि कांद्याच्या सालींनी गच्च भरली होती. इतकी वर्षं खोके चढवता-उतरवताना उडालेल्या साली, एकावर एक चिकटून पुठ्ठा झाला होता. दुकानात गॅस भरणाऱ्यांनी तो बघितलाच नसेल. मी मऊ ब्रश आणला. जाळीचे पत्रे पातळ असतात, जोर लावला की वाकतात, एवढं मेकॅनिकने ह्यांना सांगितलं आणि मी ऐकलं. भाताच्या रोपाला पाणी घालावं तसं हळू पाणी सोडत मी ती जाळी धुतली. काळं पाणी निघालं, मग तांबडं, मग स्वच्छ.

हवा थंड झाली का हे कसं कळायचं? हे म्हणाले, झाली. पण मला खूश करायला हे काहीही म्हणतील. मग मला खोबरेल तेल आठवलं. गावाकडे थंडीत बाटलीतलं तेल थिजून पांढरं होतं, न्हायच्या दिवशी उन्हात ठेवावं लागतं. बहारीनच्या उन्हाळ्यात ते कधी थिजत नाही, पाण्यासारखं असतं. मी एका छोट्या बाटलीत तेल घेतलं आणि हवेच्या तोंडासमोर दोऱ्याने बांधलं.

"ह्ये थिजलं तर गाडी थंड," मी म्हणाले.

"आणि न्हाई थिजलं तर डोक्याला लावू," हे म्हणाले. आजारपणानंतर हे पहिल्यांदाच चेष्टा करत होते.

दुपारी अरादच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. हवा पहिल्यापेक्षा खूप बरी होती, पण तेल तसंच पातळ. माझ्या मात्र मांड्या भाजून निघाल्या होत्या. उतरल्यावर मी सीट उचलून खाली हात लावला आणि चटकन काढला. इंजिनावरचं झाकण तव्यासारखं तापलं होतं. वरून थंड हवा सोडायची आणि खाली चूल पेटलेली, असा तो प्रकार होता.

तव्यावरचं भांडं आपण फडक्याने धरतो. जाड फडकं म्हणजे काय, वाकळच.

मेकॅनिकने चांदीसारखा चमकणारा कागद आणून दिला, गाड्यांत उष्णता अडवायला लावतात तो. मी तीन जुन्या साड्या काढल्या. मधे तो कागद, वर-खाली साड्यांचे थर, आणि दोन दिवस नुसता धावदोरा. सुई कागदातून जाताना करकर वाजायची. हे बाजूला बसून सुईत दोरा ओवून द्यायचे. त्यांना दुसरं काही काम नव्हतं, आणि त्या दोन दिवसांत आम्ही गावाचं नावही काढलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी शेवटची गाठ मारली तेव्हा बोटं सुजली होती, पण झोप येत नव्हती, कधी एकदा सकाळ होते असं झालं होतं.

वाकळ मी पोराच्या पाळण्यात अंथरावी तशी अंथरली. सीटखाली, पाठीमागे, पायाखाली, दोन्ही दारांपर्यंत, पुढे डॅशबोर्डच्या खाली पार वरपर्यंत दाबून बसवली. कुठे फट म्हणून ठेवली नाही. मेकॅनिकने इंजिनाच्या बाजूने सगळं तपासलं, तापलेल्या नळीला कुठे लागत नाही बघितलं.

दुपारी निघालो. मांड्या भाजत नव्हत्या. पण एसीची हवाच कमी कमी होत गेली. किल्ल्याजवळ पोचेपर्यंत नुसती फुंकर यायला लागली. बाटलीतलं तेल पातळ. ह्यांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी काच खाली केली. तेवढ्यानेच माझा जीव अर्धा झाला.

"ऱ्हाऊ दे आता," घरी आल्यावर हे म्हणाले. "लई केलंस तू. माझंच ह्या ट्रकावरचं दाणापाणी संपलं आसंल."

हे खोलीत जाऊन पडले. दोन दिवस उरले होते. मी ट्रकातच बसून राहिले. एसीचा पंखा चालू होता. माझा पाय पुढे लांब झाला आणि डॅशबोर्डच्या खाली, माझ्या बाजूला, वाकळीला लागला. वाकळ तिथे आत ओढली गेली होती. मी बोटाने सोडवली तर पुन्हा जाऊन चिकटली, जसं कुणी पलीकडून तोंडाने ओढतंय.

मी वाकून हात घातला. वाकळीमागे जाळीदार तोंड होतं. दुसऱ्या चित्रातला बाण. गाडीच्या आतच फिरणारा तो बाण जिथून आत शिरतो, ती जागा हीच, आणि मी तिच्या डोक्यावरून पांघरूण ओढलं होतं. गाडीचा श्वास मीच कोंडला होता.

मी ओरडले नाही, पण धावताना चप्पल अंगणात राहिली. कात्री घेऊन आले. माझ्या आईने पुरी झालेली वाकळ कधी कुणाला कापू दिली नाही. फाटली तर ठिगळ लावायची, कापायची नाही. कात्री लावताना एकदा हात थांबला. मग मी ताटाएवढा तुकडा गोल कापून काढला आणि कडेला तिथेच बसून दोरा घातला. कापल्याबरोबर वरच्या तोंडातून हवा अशी सुटली की माझा पदर उडाला.

"आवं, भायेर या," मी खिडकीतून हाक मारली. एवढ्या मोठ्याने मी इथे कधी हाक मारली नव्हती. अरबाबच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी डोकावलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही निघालो, बुसैतीनपर्यंत, जिथे हे बसले होते त्या दुकानापर्यंत. काचा बंद. मी बाटलीवरून डोळे काढले नाहीत. आधी तेलाच्या कडेला धूर धरल्यासारखं झालं. मग तळाशी पांढरा ठिपका दिसला. तो वाढत गेला. परत अरादला वळेपर्यंत बाटली दुधासारखी पांढरी झाली होती, आणि हे एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने कानाला रुमाल बांधत होते.

"सर्दी हुईल मला," म्हणाले.

ह्यांनी अरबाबना सांगितलं, आणि आठव्या दिवशी ते स्वतः बसून बघणार होते. बाराची वेळ त्यांनीच सांगितली. मी खोलीच्या खिडकीत उभी राहिले. ट्रक फाटकातून गेला आणि मी उभीच. भात लावला होता, तो खाली लागला, वास आला, तरी हलले नाही.

ट्रक आला. अरबाब उतरले. त्यांच्या हातात माझी बाटली होती. त्यांनी ती उलटी केली, हलवली, पुन्हा उलटी केली. थेंब पडला नाही. मग ट्रकाच्या पुढच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाले, "खलास."

मी खिडकीचा गज धरला. तो शब्द कुठल्या बाजूला पडला ते मला कळेना. मी अरबाबकडे बघितलंच नाही, ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली मान घालून ट्रकची किल्ली परत खिशात ठेवत होते. अरबाबनी ती मागितली नव्हती.

हे आत आले. "भात करपला वाटतं," म्हणाले.

"काय म्हणाले?"

"ट्रक भंगारात जात न्हाई. वाकळ कुणी शिवली विचारत हुते. त्यांना वाटलं गॅरेजातनं आणली."

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, माझ्या मदामनं शिवली. मग म्हणाले, मदामला सांग, भोक गोल छान कापलंय."

करपलेला भात आम्ही वरवरचा काढून खाल्ला.

आधी हे सकाळी निघायचे तेव्हा काचा खाली असायच्या. फाटकापर्यंत त्यांचं खोकणं आणि ट्रकातल्या रेडिओची खरखर मला खोलीत ऐकू यायची. आता काही ऐकू येत नाही. काच बंद असते. हे काचेमागून हात वर करतात, तो दिसतो, आणि मी दारात उभी राहून हात वर करते.