मुंबई ते लंडन, बारा तास

विमानाचे किस्से विमानात कमी आणि तिकिटाच्या ऑफिसात जास्त साठतात, हे मी अनुभवानं सांगतो. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास नगरला मी अशाच एका ऑफिसात क्लार्क होतो. मालक दाते आणि मी, दोघेच. विमानात आम्ही दोघंही कधी बसलेलो नव्हतो. पण टेबलावर पृथ्वीचा गोल, अंतर मोजायला दोरा आणि जाडजूड टाइमटेबल होतं. तेवढ्यावर दाते अशा थाटात बोलत, जणू परवाच लंडनहून आलेत.

*

भाच्याच्या तिकिटासाठी एक ड्रॉइंग मास्तर आले. दात्यांनी गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला, तो पार उत्तरेकडून गेला. मास्तरांनी पिशवीतून नकाशा काढला, फूटपट्टी लावली.

"विमान एवढं वाकडं कशाला नेतात?"

"विमान सरळच जातं, मास्तर. तुमचा कागद सपाट आहे."

*

भिंगारचे एक रिटायर्ड सुभेदार मुलाकडे लंडनला निघाले होते. टाइमटेबलात दुपारी दोनला मुंबई, रात्री साडेआठला लंडन.

"साडेसहा तासांत?"

"नाही, बारा तास. तिथली घड्याळं साडेपाच तास मागं असतात."

"आणि परत येताना?"

"तेवढे तास जातात."

"म्हणजे आधी देतात आणि नंतर कापतात. आमच्या रजेसारखंच की."

*

देवळाली प्रवऱ्याचे एक बागायतदार मुलाला घेऊन आले. पोरगा शिकायला लंडनला चाललेला, आईनं घरी जेवण सोडलेलं. "लई लांब हाय का?" त्यांनी विचारलं.

"सात हजार किलोमीटर. बारा तास."

ते मुलाकडे वळून म्हणाले, "कारखान्याच्या दारात आपली उसाची गाडी दीड दिस उभी ऱ्हाती. तेवढ्यात तू जाऊन माघारी येशील. चल, आईला सांगू."

*

पाथर्डीकडच्या हौसाबाई दिराला घेऊन आल्या होत्या. मुलगी लंडनला नर्स, पहिलं बाळंतपण, जवळ कुणी नाही. बाईंचे गुडघे दुखरे. ऑफिसची एक पायरी चढतानाही त्यांनी भिंत धरली.

"बारा तास बसावं लागेल," दाते म्हणाले.

"वहिनी, तुमच्यानं न्हाई व्हायचं," दीर म्हणाले. बाई उठल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी दोघं पुन्हा दारात. दीर खाली बघत म्हणाले, "काल उजाडल्यापासून परसात खुर्ची टाकून बसल्या. दिवा लागला तवा उठल्या. कुणाचं ऐकलं न्हाई."

दात्यांनी फॉर्म पुढं ओढला.

"जागा खिडकीची द्या," हौसाबाई म्हणाल्या. "काल दिसभर भिंतच बघितली."