मागून चालणारी बायको

पुलाच्या मधोमध आलो तशा सरलाबाई कठड्याला हात लावून थांबल्या. सुरत स्टेशनपासून आम्ही पायीच निघालो होतो. दिल्ली गेट, भागळ, चौक, किल्ला सगळं मागे पडलं होतं. पुढे निंबाभाऊ, त्यांच्या मागे त्यांची बायको सरलाबाई, आणि मी मध्येच कुठेतरी.

"हाई आपलीच तापी शे ना वं ताई?" सरलाबाईंनी मला विचारलं. त्यांचं गाव अमळनेर तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं.

"तीच. तुमच्या गावावरून येते आणि इथून समुद्राला जाते."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. डोक्यावरचा पदर ओढून त्याची कड त्यांनी दातात धरली आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघून म्हणाल्या, "अहो, ऐकलं का? आपली तापी!"

निंबाभाऊ चालतच राहिले. मान वळवली नाही की हूं केलं नाही.

"बघा," त्या मला म्हणाल्या, "सकाळपासून हे असं. दगडासंगे बोलावं तसं."

निंबाभाऊ लिंबायतला आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. सतरा-अठरा वर्षं पॉवरलूमवर. त्यांची आई गावी अंथरुणाला खिळलेली, म्हणून सरलाबाई गावीच राहिल्या आणि भाऊ इकडे एकटे. दिवाळीला, आखाजीला जाऊन यायचे, तेवढाच संसार. म्हातारी वारली, तिचं वर्षश्राद्ध झालं, आणि मग सरलाबाई पहिल्यांदाच सुरतेला आल्या. आठ दिवस राहून बघते, करमलं तर राहीन, नाहीतर आपलं घर आणि दोन म्हशी बऱ्या, असं त्या येतानाच सांगून आल्या होत्या.

त्या यायच्या आधी भाऊंनी खोलीला चुना दिला होता. भिंतीला आरसा लावला, नवा माठ आणला, देवाचा कोनाडा धुऊन काढला. माठ कोणत्या बाजूला ठेवावा हे विचारायला दोनदा आमच्या दारात आले. सुट्टीच्या आदल्या दिवशी पुन्हा आले.

"वहिनी, उद्या हिला सुरत दाखवायचीये. पण मलाच कुठं माहितीये? मी खोली ते खातं, खातं ते खोली. तुम्ही चला ना बरोबर."

खातं म्हणजे लूमची शेड. आमच्या ह्यांनी, भाऊ त्यांना दादा म्हणतात, माझ्याआधीच होकार दिला, म्हणून मी निघाले.

किल्ल्यापाशी भाऊंनी हात करून सांगितलं होतं, "हा किल्ला."

"आत काय आहे?" मी पुढे होऊन विचारलं.

"सरकारी ऑफिसं."

"म्हणजे पायपीट करून कचेरी बघायला आलो," सरलाबाई मागून पुटपुटल्या. मला हसू आलं. भाऊंना नाही.

पुलावरून परत फिरलो आणि गांधीबागेच्या फाटकाशी पायरीवर बसलो. भाऊ रस्ता ओलांडून बर्फगोळ्याच्या गाडीकडे गेले. मधून रिक्षा, बसगाड्या, हॉर्न, नुसता कल्ला. ते समोर गेल्यावर सरलाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारून तोंड पुसलं.

"ताई, एक विचारू? इकडं त्यांचं दुसरं कोणी नाही ना?"

"काहीतरीच काय!"

"मग त्यास्ले मन्हा कटाळा उना. नकोशी झाले मी. खोली सजवली ती लोकांसाठी. माणूस बोलतच नाही तर त्या आरशात काय बघू? मी उद्याच्या गाडीनं जास." मग थोड्या थांबून, रस्त्यापलीकडे बघत हळूच म्हणाल्या, "गोळा नको होता मला. दाढ ठणकतेय."

आवाज इतका बारीक, की शेजारी बसून मला कसाबसा ऐकू आला.

भाऊ परत आले. एका हातात दोन गोळे, दुसऱ्या हातात लिंबू सरबताचा ग्लास.

"हे घे. बिनबर्फाचं आहे. दाढ दुखतेय ना?"

सरलाबाई बघतच राहिल्या. मग भडकल्या. "पाठीमागून ओरडते ते ऐकू येत नाही, नि रस्त्यापलीकडचं बरं ऐकू येतं! नाटकं करता का माझ्याशी?"

भाऊ गोळा चोखत बसले. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं. लूमच्या शेडमध्ये मी एकदा डबा द्यायला गेले होते. तिथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. माणसं ओठ बघून आणि बोटांच्या खुणांनी बोलतात, या टोकापासून त्या टोकाला. आमच्या गल्लीतही कामगार या गच्चीवरून त्या गच्चीवर तसेच गप्पा मारायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

शेवटी अंबाजी रोडवरच्या देवळात गेलो. देवीपुढे मी रोजच्यासारखंच हात जोडले, वेगळं काही मागितलं नाही. सरलाबाई प्रदक्षिणा घालायला थांबल्या. मी खाली आले तर भाऊ चपलांपाशी पाठमोरे उभे होते.

"निंबाभाऊ," मी मागून हाक मारली. चांगली मोठ्यानं. बाजूचा फुलवाला वळला, भाऊ नाही वळले.

मी पुढे जाऊन उभी राहिले आणि नुसते ओठ हलवले, आवाज न काढता. "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

त्यांनी आधी देवळाकडे पाहिलं.

"उजवा गेलाच वहिनी. डाव्यानं थोडं येतं. तोंड दिसलं की सगळं कळतं. पण ती चालते मागं. आणि बोलायला लागली की पदर दातात."

"अहो, ती उद्या निघालीये! तिला वाटतंय तुम्हाला ती नकोशी झालीय. सांगून टाका ना."

"नको." ते पहिल्यांदाच घाईनं बोलले. "इतकी वर्षं आईचं हगणंमुतणं केलं तिनं. आता म्हणेल, ते संपलं म्हणून बहिरा नवरा सांभाळायला बोलावली. राहिली तर तिला वाटलं म्हणून राहू दे. नंतर सांगीन मी. माझं मीच सांगीन."

"मग उद्याच्या गाडीचं काय?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या, परत काढल्या.

"वहिनी, एक काम करा. तुम्ही तिला सांगा, माझ्या बरोबरीनं चाल म्हणावं, नाहीतर पुढं. आणि माझ्याशी बोलताना तोंडावर पदर धरू नको. कारण विचारलं तर सांगा, शहरात असंच असतं. तुमचं ती ऐकेल."

"देवीच्या पायरीवर मला खोटं बोलायला लावता?"

"खोटं कुठंय त्यात? तुम्ही नाही का दादांच्या बरोबरीनं चालत?"

तेवढ्यात सरलाबाई प्रसादाचा नारळ घेऊन पायऱ्या उतरताना दिसल्या. आम्हाला बघून त्यांनी पदर सावरला आणि त्याची कड दातात धरली.

"आत्ताच सांगा वहिनी," निंबाभाऊ म्हणाले. "परत जाताना लांबचा रस्ता आहे."