वाकड्या बोटांचे आजोबा

चौथीपर्यंतच शिकले, म्हणून अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनही चुकेल. माफी असावी.

शेजारच्या आजोबांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी आहेत. सून म्हणाली, “आई, ते तरुणपणी बेसबॉल खेळून पोट भरायचे. कॅचर होते. म्हणजे उकिडवं बसायचं, चेंडू फेकणाऱ्याला बोटांनी खुणा करायच्या, मग त्याने फेकलेला चेंडू झेलायचा. त्यातच बोटं मोडली.”

इथे अमेरिकेत मला बोलता येत नाही, म्हणून माझ्याशीही ते खुणांनीच बोलतात. मी रस्ता ओलांडताना अंगणातून एक बोट दाखवलं की जा, दोन दाखवली की थांब. त्यांच्यामुळेच मी एकटी बाहेर पडते.

मागे दुकानात मला पैसे कमी पडले. पाठीमागे रांग, मी पिशवी चाचपत राहिले. आजोबा त्याच रांगेत होते, त्यांनी पुढे येऊन पैसे भरले आणि एक बोट दाखवलं.

मी पैसे परत द्यायला गेले की ते नको म्हणून मान हलवायचे. “राहू द्या आई, ते घेणार नाहीत,” सून म्हणाली. मला चैन पडेना.

आज नोटा लिंबाभोवती गुंडाळल्या, रुमालात घट्ट बांधल्या आणि कुंपणावरून त्यांच्याकडे फेकल्या. त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. झेलल्यावर गाठोडं कसलं ते त्यांना कळलं. खूप हसले आणि एक बोट दाखवलं.

सगळे पैसे फिटले.